आडवा कोकण, उभा रस्ता

कोकणचा किनारा मोटारीनें पाहावा, ही हौस अलीकडे पुष्कळांस लागली आहे. आम्हींही गेल्या हिवाळ्यांत एक व्हॅन भाड्यानें घेऊन, शेगडी, अंथरुणें आणि मुलें यांसह, अलिबागेहून रत्नागिरीपर्यंत समुद्र उजव्या हातास ठेवून जाण्याचा बेत केला. नकाशावर हें अंतर थोडें दिसतें. प्रत्यक्षांत रस्ता पुनःपुन्हां पाण्यापाशीं येऊन थांबतो. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ अशा चार ठिकाणीं व्हॅन फेरीबोटीवर चढवावी लागली. मुलांस याची मौज वाटली. आम्हांस मात्र प्रश्न पडला, कीं ज्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षें बंदरें नांदलीं, त्या किनाऱ्यास सलग रस्ता कां नसावा?

विचार करतां उत्तर सोपें दिसलें. रस्ता नव्हता असें नव्हे. तो आडवा होता. दक्षिणोत्तर जाण्यास समुद्र होता, आणि किनाऱ्यावरून देशाकडे जाण्यास खाड्या होत्या. प्रत्येक खाडीच्या मुखाशीं एक बंदर, जेथवर भरती पोंचते तेथें एक बाजारपेठ, आणि तिच्या माथ्यावर सह्याद्रीचा एखादा घाट, अशी ही सांखळी होती. कुंडलिकेच्या मुखाशीं चौल-रेवदंडा, आंत रोहें. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट, आंत महाड. वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ, आंत चिपळूण, आणि वर कुंभार्ली घाट. भरतीबरोबर मचवे आंत जात आणि ओहोटीबरोबर बाहेर येत. आज मोटारीस जी खाडी अडथळा वाटते, तीच त्या काळचा राजमार्ग होती.

या गोष्टीची साक्ष एका परदेशी वाटसरूनें देऊन ठेविली आहे. 15 व्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलास उतरला. तेथून तो जुन्नरास आणि पुढें बहामनी सुलतानांच्या बीदरास गेला. आणि परततांना दाभोळास येऊन गलबतावर चढला. चौलाच्या दारानें आंत आणि दाभोळाच्या दारानें बाहेर! या दोन दारांमधला किनारा त्यानें पायाखालीं घातला नाहीं, कारण त्याचें तेथें कामच नव्हतें. दाभोळाची श्रीमंती एवढी होती, कीं 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज विजरई आल्मेदा यानें सूड उगविण्यास निघतांना वाटेंत तेंच शहर जाळलें. आज तेथें जेटीजवळ उभी असलेली आदिलशाही काळची मशीद पाहिल्यावांचून त्या वैभवाची कल्पनाही येत नाहीं.

मग हीं दारें बंद कशीं झालीं? श्रीवर्धनास मुक्काम केला त्या रात्रीं हाच विषय आमच्या मनांत घोळत होता. हें भट घराण्याचें गांव. येथील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळें घाट चढून गेले आणि 1713 त शाहू महाराजांचे पेशवे झाले. कान्होजी आंग्र्यांशीं समेट करून मराठ्यांचें आरमार छत्रपतींच्या बाजूस आणणें, ही त्यांची मोठी कामगिरी. परंतु पुढें त्यांचेच नातू नानासाहेब यांनीं तुळाजी आंग्र्यांस नमविण्यासाठीं इंग्रजांची मदत घेतली. 1755 त सुवर्णदुर्ग पडला; फेब्रुवारी 1756 त विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजी उद्दाम होता हें कबूल. पण एक उद्दाम सरदार मोडतांना राज्याची समुद्रावरची भुजाच छाटली गेली, आणि त्याच वर्षीं तहानें बाणकोट इंग्रजांच्या हातीं गेलें. हर्णैच्या वाळूवर उभें राहून सुवर्णदुर्गाकडे पाहतांना, किनाऱ्याच्या मुलानेंच किनाऱ्याकडे पाठ फिरविली, या विचारानें मन विषण्ण झालें.

जमिनीवरच्या वाहनांनीं उरलेलें काम पुरें केलें. मुंबई-गोवा महामार्ग महाड, चिपळूण, संगमेश्वर असा, खाडी जेथें अरुंद होते तेथून गेला. 1998 त पूर्ण झालेली कोंकण रेल्वेही बहुतांशीं आंतूनच गेली. मुखाजवळचीं गांवें एका बाजूस पडलीं. तरीही बोट होती तोंवर त्यांचें मुंबईशीं नातें सरळ होतें. तें नातें सुखाचेंच होतें असें मात्र कोणी समजूं नये. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. जुन्या वाटेची थोरवी गातांना तिचें मोल विसरणें अन्यायाचें होईल.

दाभोळच्या जेटीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "आजोबा, बोट केव्हां येईल?" असें आमच्या मुलानें विचारतां ते हसून म्हणाले, "बाळ, ही कसली बोट? ही तर. आमच्या वेळची बोट मुंबईला न्यायची. ही नुसती पलीकडे नेते." मुलगा गोंधळला, आम्ही मात्र निरुत्तर झालों.

रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना जुनी आहे. बॅरिस्टर अंतुले यांनीं तिचा हिरिरीनें पाठपुरावा केला, आणि आतां खाड्यांवर पूल बांधण्याचीं कामें हातीं घेतलीं गेलीं आहेत. ते पूल व्हावेत असेंच आम्हांस वाटतें. रात्रीं शेवटची फेरी चुकलेल्या रोग्यास इतिहासाचें कौतुक सांगून भागत नाहीं. परंतु पूल झाल्यावर ती खाडी मोटारींतून अर्ध्या मिनिटांत मागें पडेल, आणि मुलें मान वर करून पाहणारही नाहींत. म्हणून ज्यांस शक्य आहे त्यांनीं एकदां तरी आपली गाडी तरीवर चढवावी, खालीं उतरून कठड्याशीं उभें राहावें, आणि पलीकडच्या जेटीकडे न पाहतां, खाडी जिकडून येते त्या डोंगरांकडे पाहावें. कोकणचा खरा रस्ता तिकडे जात होता.