समुद्र पश्चिमेला, मग मिरा-भाईंदरमधले हे लोक 'ईस्ट इंडियन' कसे?

मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही किनाऱ्यालगतची गावं आहेत. इथल्या अनेक कॅथलिक कुटुंबांची ओळख 'ईस्ट इंडियन' अशी आहे. नाव ऐकून काहींना ते बंगाल-ओडिशाकडचे वाटतात, तर डिमेलो किंवा डिसोझा आडनाव ऐकून काही जण गोव्याचे समजतात. प्रत्यक्षात हे उत्तर कोकणातले मूळ रहिवासी आहेत आणि त्यांची बोली मराठीच आहे.

पोर्तुगीजांसाठी ते 'उत्तरेकडचे'

1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर इथले अनेक कोळी, आगरी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती झाले. पोर्तुगीजांची राजधानी गोवा. तिथून पाहिलं तर वसई उत्तरेला, म्हणून इथल्या लोकांना 'नोर्तेरो' म्हणजे उत्तरेकडचे म्हणत.

मग 'ईस्ट' आलं कुठून?

1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. ज्या साष्टी बेटावर आजचं मिरा-भाईंदर आहे, ते 1774 मध्ये इंग्रजांकडे गेलं. पुढे आगबोटी आणि रेल्वेमुळे गोवा आणि मंगळूरचे कॅथलिकही नोकरीसाठी मोठ्या संख्येने मुंबईत आले. धर्म एक, आडनावंही सारखीच. त्यामुळे सरकारी नोकऱ्यांच्या स्पर्धेत स्थानिक कोण, हे वेगळं दाखवणं गरजेचं झालं.

1887 साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता. त्याच वर्षी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली आणि हे नाव रूढ झालं. त्यातला 'ईस्ट इंडियन' शब्द ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारा. आम्ही या भागातले इंग्रजांचे सर्वात जुने ख्रिस्ती प्रजाजन आहोत, असा त्यामागचा दावा होता. थोडक्यात, या 'ईस्ट'चा पूर्व दिशेशी संबंध नाही.

आज याचं महत्त्व काय?

जे नाव 'आम्ही इथलेच' हे सांगायला घेतलं, त्याच नावामुळे आज त्यांना बाहेरचे समजलं जातं. गावठाण आणि जमिनीच्या प्रश्नांवर बोलताना म्हणूनच अनेक जण 'ईस्ट इंडियन'सोबत 'भूमिपुत्र' हा शब्दही आवर्जून वापरतात. लुगडं, बॉटल मसाला आणि घरातली मराठी बोली या त्यांच्या खुणाही याच मातीतल्या आहेत.