राणीचा मार्को आणि आमची सरकी

शाळेत असताना इतिहास आणि मी यांचं कधी जमलं नाही. सनावळ्यांशी माझं वैरच. पानिपत आणि प्लासी यांची मी उत्तरपत्रिकेत इतक्या सहजपणे अदलाबदल करीत असे, की मास्तरांनी एकदा शेरा मारला होता, 'हा मुलगा मराठ्यांना बंगालात नेतो.' (आमचे नागपूरकर रघूजी भोसले मराठ्यांना खरोखरच बंगालात घेऊन गेले होते, हे मला फार पुढे कळलं, पण तोवर मास्तर निवृत्त झाले होते.) तेव्हा उतारवयात मी इतिहासावर लिहायला बसलो आहे, आणि तोही कुत्र्यांच्या, हे त्यांच्या कानांवर गेलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

पण या संशोधनाला कारण घडलं. ते घडलं १९८७ सालच्या मार्च महिन्यात, अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर. माझा मेहुणा अमरावतीला कॅम्पात राहत असे. कॅम्प म्हणजे एके काळची साहेबाची वस्ती. साहेब गेला, पण तिथे राहणाऱ्याला आपणही थोडे साहेबच आहोत असं वाटत राहतं. त्यानं निघताना माझ्या हातात एक झाकणाची टोपली दिली आणि म्हणाला, "भाऊजी, जपून न्या. अस्सल पामेरियन आहे. विलायती!"

गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे आली तेव्हा टोपलीतून 'कुंई' असा आवाज झाला आणि कंडक्टर थबकला.

"हे काय व्हय?"

"कुत्रं आहे."

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. "कुत्रं असं अस्ते? मले तं पिंजलेला कापूस वाट्टे." मग खिशातली पेन्सिल कानावर ठेवत त्यानं विचारलं, "आता तुमीच सांगा, कापसाचं लगेज फाडू का कुत्र्याचं तिकीट?"

अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी बाबा ओसरीवर बसले होते. बाबांची अडतीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकुनी करण्यात गेलेली. जगातल्या कुठल्याही पांढऱ्या वस्तूकडे ते कापसाच्या नजरेनं बघत. टोपलीतला तो गोळा त्यांनी दोन बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "रुई बरी आहे. सरकी किती निघंन?"

आमच्या सौ.नं पिल्लाचं नाव 'प्रिन्सेस' ठेवायचं ठरवलं होतं. ते दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत टिकलं. पाणी पडताच सगळी रुई अंगाला चिकटली आणि आत जे उरलं ते चिमणीला दोन कान लावावेत एवढंच होतं. बाबा हसून म्हणाले, "हे पाय, निघाली सरकी!" प्रिन्सेसचं राज्य तिथेच खालसा झालं.

मात्र बाबांना हे प्रकरण मुळात पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कुत्र्यानं काम केलं पाहिजे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या घ्या. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्यानं महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. "तुह्या ह्या सरकीनं काय करावं? वाघ आला तं त्याचं नाक पुसावं?"

सरकीच्या घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी मी इतिहासात शिरलो तो असा. तेव्हापासून आजवर जे जमवलं, ते थोडक्यात सांगतो.

पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख. आज त्याचा काही भाग जर्मनीत आहे आणि काही पोलंडमध्ये. तिथली ही कुत्री 'स्पिट्झ' कुळातली. स्पिट्झ म्हणजे टोकदार; तोंड टोकदार, कान टोकदार. बर्फात बिनचाकी गाड्या ओढणारी उत्तरेकडची कुत्री ही त्यांची भाऊबंद. म्हणजे मूळ पुरुष कष्टाळू होता. १७६७ साली इंग्लंडच्या शार्लट राणीनं आपल्या माहेरच्या बाजूनं फीबी आणि मर्क्युरी अशी एक जोडी मागवली, तीही चांगली थोराड होती. खेळणं वाटावं असं त्यांत काही नव्हतं.

घोटाळा केला तो तिच्या नातीनं, व्हिक्टोरिया राणीनं. १८८८ साली राणी इटलीत फ्लॉरेन्सला गेली होती. तिथे तिला मार्को नावाचा एक पामेरियन भेटला. वजन अवघं बारा पौंड. राणी भाळली. मार्को विंडसरला आला आणि त्याच्यामागून आणखी बरेच आले. १८९१ साली राणीनं आपली कुत्री लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनातही उतरवली. राणीचं कुत्रं ज्या प्रदर्शनात उतरतं तिथे परीक्षक होण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. झालं! राणीचं कुत्रं लहान, म्हणून सरदारणीचं त्याहून लहान, म्हणून सावकारणीचं त्याहूनही लहान. गाडी ओढणाऱ्यांचे हे वंशज आकसत आकसत आज दोन ते साडेतीन किलोंवर आले आहेत. आमच्याकडे दिवाळीच्या चकल्यांचा डबा याहून जड असतो.

याच राणीकडे आणखी एक गोंडस प्राणी होता. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीत एक चिमुकली पेकिनीज कुत्री सापडली. ती राणीला नजर करण्यात आली आणि तिचं नाव ठेवलं 'लूटी'! लूट हा शब्द इंग्रजीनं आपल्याच देशातून उचललेला. म्हणजे माल चीनचा, शब्द हिंदुस्थानचा आणि मांडी इंग्लंडची. साम्राज्य कशाला म्हणतात ते मला लूटीवरून जितकं समजलं तितकं मास्तरांच्या छडीनं समजलं नव्हतं.

"आन् आपलं वऱ्हाड?" बाबांनी एकदा विचारलं. त्याचाही धागा या लोकरीत होताच. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमची आठवण झाली. १९०२ साली तर कर्झननं वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर अख्खं वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. आमची रुई बोटीत बसून तिकडे जात होती, आणि बोटीतूनच साहेब, मडमा आणि मडमांची लोकरीची कुत्री इकडे येत होती. बाबांनी हिशोब मांडला : "म्हंजे आपून गाठी धाडल्या अन् त्याईनं हा एक पुंजका परत केला. जमाखर्च काही जुळत नाही लेका."

लहान असण्याचा एकच फायदा मला सापडला. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा बोटीवरची तीन कुत्री वाचली. दोन पामेरियन आणि एक पेकिनीज. मोठ्या कुत्र्यांना होड्यांत घेणार कोण? ही मालकिणींच्या हातांत मावली, म्हणून तरली.

एवढी वंशावळ तयार करून मी सरकीला जनावरांच्या डॉक्टरांकडे टोचायला नेलं. तोवर ती वर्षाची झाली होती आणि तिचं वजन सहा किलो भरलं. डॉक्टर म्हणाले, "पामेरियन कोण म्हणालं? ही इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे सगळे हिलाच पामेरियन म्हणतात." साहेबानं आणलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपैकी जी इथल्या हवेत तगली त्यांची ही प्रजा. घराणं विलायतेचं, पण दाणापाणी इथलं. मी अमरावतीला पत्र लिहून मेहुण्याला हे कळवलं. पुढे सहा महिने त्याच्याकडून पत्र नव्हतं.

बाबा मात्र त्या दिवसापासून सरकीशी जरा बरे वागू लागले. "आपल्यातलीच आहे," म्हणाले, आणि दुधात ज्वारीची भाकर कुस्करून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

मग आला १९८८ चा मे महिना. अकोल्याचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला मी तो सांगू शकत नाही, आणि ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायची गरज नाही. शेजारीपाजारी म्हणू लागले, "अहो, ते मुकं जनावर सोटर घालून बसलं आहे. काढा ते केस!" मलाही पटलं. कटिंग सलूनवाल्याला घरी बोलावलं आणि त्यानं वस्ताऱ्यानं काम असं साफ केलं, की सरकी आरशात पाहून स्वतःवरच भुंकली. आम्ही पोट धरून हसलो. हसणारे बाबा नव्हते.

चौथ्या दिवशी तिची गुलाबी कातडी भाजल्यासारखी लाल झाली. खाणं बंद. जीभ बाहेर काढून ती नुसती धापत पडून राहिली. डॉक्टर मला फाडफाड बोलले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकूनच थंड होतं. आणि तो केसांचा दुहेरी थर थंडी अडवतो तसं ऊनही अडवतो. "घर थंड करायला तुम्ही छप्पर काढता काय हो?"

आम्ही तिला आजवर खेळण्यासारखी वागवत होतो. खेळणं बिघडलं तर फेकता येतं. हिच्या डोळ्यांत मात्र त्या दिवशी मला बघवेना.

त्या आठवड्यात वीज रोजच जायची आणि कूलर मुका व्हायचा. बाबांनी तिला ओसरीत वाळ्याच्या तट्ट्यामागे ओल्या पोत्यावर निजवलं आणि हातपंखा घेऊन शेजारी बसले. रात्री दोनला उठलो तरी पंखा हलत होता. "बाबा, झोपा आता. मी घालतो वारा." "तू झोप," ते म्हणाले. "तू इतिहास लिव्ह."

सरकी वाचली. केस परत यायला दुसरा हिवाळा उजाडला, तेही डाव्या कुशीवर विरळच. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातला टफी बघून गल्लीतली पोरं हिला टफी म्हणू लागली. टफीही स्पिट्झच, सिनेमात तो क्रिकेटचा पंच होता, चिठ्ठीही पोचवायचा. सरकीनं आमची एकही चिठ्ठी पोचवली नाही. टफी म्हटलं तर ती वळूनही पाहत नसे; आणि बाबांनी नुसतं खाकरलं तरी धावत जायची.

१९९८ च्या डिसेंबरात बाबांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. सरकीही म्हातारी झाली होती. खाटेवर चढायला तिला हात द्यावा लागे. ती बाबांच्या पायांशी जाऊन पडली आणि हलेना. आत्या कळवळून म्हणाली, "आजाऱ्याच्या खाटेवर कुत्रं? काय म्हनावं बाप्पा तुमाले!" मी तिला इतिहास सांगितला. १९०१ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी ऑसबर्नला शेवटच्या आजारात होती, तेव्हा तिनं आपला टुरी नावाचा पामेरियन मागवला आणि तो तिच्या पलंगावर होता. आत्या म्हणाली, "रानीले काय सोवळं-ओवळं अस्ते?" पण सरकीला तिनं उठवलं नाही. बाबांचा चालता हात रात्रभर तिच्या पाठीवरून फिरत होता, डाव्या कुशीपाशी जरा अडखळत. सरकीचं काम काय, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

परवा माझी नात मोबाइल घेऊन आली. तिला शित्झू हवा आहे. "आजोबा, बघा ना, कसला क्यूट! अगदी टेडी!" अकोल्यात आता ही कुत्री एसीच्या खोल्यांत राहतात, हे तिनं मला समजावून सांगितलं. मी हो म्हणालो. फक्त माळ्यावरून बाबांचा हातपंखा काढला, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, मे महिन्यात हा लागेल.

तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "आजोबा, याची वायर कुठाय?"