प्रयोगशाळेतलं हळदीकुंकू

ॲड्रियामायसिन हे नाव एका समुद्रावरून पडलं. १९५०च्या दशकात इटलीतल्या पुलिया भागात, कास्तेल देल मोन्ते या जुन्या गढीजवळच्या मातीत एक जंतू सापडला. तो लालभडक रंग सोडायचा. त्यातून आधी डॉनोरुबिसिन निघालं: तिथल्या ‘डौनी’ या प्राचीन जमातीचं नाव, त्याला माणकाच्या लालीची जोड. पुढे त्याच जंतूत बदल घडवून आणखी एक लाल औषध मिळालं आणि जवळच्या ॲड्रियाटिक समुद्राचं नाव त्याला चिकटलं. कर्करोगावर ते आजही शिरेतून देतात.

पण त्याची झळ हृदयालाही बसते. उंदरांत तर आधी मूत्रपिंडाची गाळणी फाटते. लघवीतून अल्ब्युमिन वाहून जातं, ती तूट भरायला यकृत घाईघाईने प्रथिनं बनवू लागतं आणि त्या भरात चरबी वाहणारी प्रथिनंही रक्तात ओततं. कोलेस्टेरॉल चढतं ते असं. तुपातेलाचा त्यात काही दोष नाही!

लाल रंगाचं कूळ हे असं; दुसरं, पिवळ्या रंगाचं कूळ हळदीचं. १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी तिचा पिवळा रंग वेगळा काढून त्याला ‘कर्क्युमिन’ म्हटलं. या नावामागचं अरबी ‘कुर्कुम’ म्हणजे केशर, आणि संस्कृतातलं ‘कुंकुम’ म्हणजेही केशरच. आपण मात्र कुंकू करतो ते हळदीचं. केशराचं नाव असं दोन्ही वाटांनी हळदीच्या घरी येऊन राहिलं.

लाल आणि पिवळ्याची गाठ पडली ती चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेत. कातड्याच्या संस्थेत कोलेस्टेरॉल कोण शोधायला जाईल? पण २००० साली तिथल्याच संशोधकांनी लिहिलं की, ॲड्रियामायसिन टोचलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिलं, तर लघवीतून जाणारं प्रथिन घटतं आणि रक्तातली वाढलेली चरबीही उतरते. औषधामुळे उसळणाऱ्या मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना, कर्क्युमिन आवरतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. मला त्यात महत्त्वाची वाटते ती गाळणी. ती वाचली की चरबीचा पूर आपोआप ओसरणार.

यावरून कोणी हळदीच्या दुधाचा पेला पुढे करील, म्हणून सांगतो. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीनेक ग्रॅम, आणि पोटात गेलेल्यातलं रक्तापर्यंत पोचतं फारच थोडं. शिवाय हे लाल औषध कर्करोगाच्या पेशी मारतं, त्यातही मुक्त मूलकांचा काही वाटा आहे. तेव्हा कर्क्युमिनची गोळी घेण्याआधी कर्करोगतज्ज्ञाला विचारलेलं बरं.