लोणारचा खार आणि ‘फार्म’ या क्रियापदाचा जुना अर्थ

एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडविषयक इंग्रजी कागदपत्रे वाचताना ‘फार्म’ हे क्रियापद वारंवार भेटते आणि त्याचा आज रूढ असलेला, म्हणजे जमीन कसण्याचा, अर्थ तेथे लावला तर वाक्यच्या वाक्ये निरर्थक होतात. कारण परगणे, जकाती, दारूचे गुत्ते किंवा मीठ ‘फार्म’ केल्याचा उल्लेख असतो तेव्हा त्याचा अर्थ ती बाब मक्त्याने दिली किंवा घेतली एवढाच असतो. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फिर्मा’ म्हणजे ठरवून पक्की केलेली रक्कम. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, ठरावीक खंडावर दिलेल्या जमिनीला ‘फार्म’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि पुढे खंड मागे पडून जमीन व शेतीच तेवढी त्या शब्दात उरली. क्रियापदाला जमीन कसण्याचा अर्थ तर अठराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या सुमारे 1595 च्या नाटकातील राजा पैशाच्या अडचणीपायी आपले राज्यच ‘फार्म’ करण्याची भाषा करतो, ती या जुन्या अर्थाने.

त्याच दशकात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ सिद्ध केली आणि वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या बाजूच्या लोणारची नोंद केली. काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, सोऱ्याचे उत्पादन होते आणि त्यावरील करातून सरकारला बरीच प्राप्ती होते, असे ती नोंद सांगते. उल्काघाताने बेसॉल्ट खडकात पडलेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर म्हणून आज ज्याची ख्याती आहे, ते सरोवर मोगल दफ्तराच्या लेखी प्रथमतः महसुलाची बाब होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. काठावर ‘धार’ या नावाच्या झऱ्यासारखे गोड्या पाण्याचे झरे असले तरी विवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. त्यामुळे आत आलेले क्षार आतच साठतात आणि उन्हाळ्यात पाणी आटत गेले की काठच्या चिखलावर व तळाशी सोड्याचे, म्हणजे सोडियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे, थर धरू लागतात. या खाराची प्रतवारी स्थानिक लोकांनी केव्हाच करून ठेवली होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. यांपैकी पापडी आणि भुसकी ही नावे पातळ पापुद्रा व भुसभुशीत पूड डोळ्यांपुढे उभी करतात आणि पृथक्करण करणाऱ्या पुढच्या रसायनशास्त्रज्ञांनीही तीच नावे आपल्या अहवालांत कायम ठेवली. साबण, काच आणि कापडाची रंगाई यांना असा खार लागे; पापडाच्या पिठात पडणारा पापडखारही याच कुळातला.

अशा बाबीचे उत्पन्न आगाऊ सांगणे कोणत्याही कारकुनाला शक्य नव्हते. पाऊसकाळ चांगला झाला की पाणी चढे व तळाचा खार हाती लागणे अवघड होई, आणि अवर्षणाचे जे वर्ष शेतकऱ्याला बुडवी तेच खार काढणाऱ्याला फळे. उत्पन्न असे बेभरवशाचे असले की ते स्वतः गोळा करण्याऐवजी बोली लावणाऱ्याकडून ठरीव रक्कम घेऊन मोकळे व्हावे, हा मोह सरकारला होणे स्वाभाविक होते. नफा-तोटा मक्तेदाराचा, आणि अर्थातच मजुरांची पिळवणूकही त्याच्याच मर्जीवर.

मिठाखारापुरते हे एक वेळ चालून जाते, परंतु निजामी अमलात सबंध वऱ्हाडच या पद्धतीखाली आला. निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या कारभारात हैदराबादचा सावकार पूरणमल याच्याकडे वऱ्हाडचा मोठा भाग मक्त्याने होता. 1839 मध्ये त्याला दूर करून ते परगणे पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे सोपवण्यात आले, म्हणजे रयतेच्या दृष्टीने पाहता केवळ मालक बदलला. दुसऱ्या बाजीरावाने पुण्याहून मामलती अशाच लिलावाने दिल्या होत्या आणि ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 च्या आपल्या अहवालात त्या पद्धतीवर कडक टीका केली होती. मात्र त्याच ईस्ट इंडिया कंपनीनेही 1772 मध्ये बंगालचा जमीनमहसूल पाच वर्षांच्या इजाऱ्याने देऊन पाहिला होता, ही गोष्ट असल्या टीकेचे वजन जोखताना विसरता येत नाही.

फ्रान्समध्ये तर ‘फेर्म जेनेराल’ नावाची मक्तेदारांची संस्थाच राजासाठी मिठावरचा ‘गाबेल’ हा कर वसूल करीत असे. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लाव्वाझिए हा तिचा भागीदार होता आणि 8 मे 1794 रोजी इतर मक्तेदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला. मक्तेदारांची ती संस्था 1791 मध्ये मोडली आणि त्याच वर्षी लब्लां याने साध्या मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीचे एकस्व मिळवले. लोणारच्या खाराचा खरा प्रतिस्पर्धी जन्मला तो येथे. 1860 च्या दशकात सॉल्व्हेची अधिक स्वस्त पद्धत आली, 1939 मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली, आणि कारखान्याच्या सोड्यापुढे हाताने खरवडून काढलेल्या खाराचा निभाव लागणे कठीण झाले. 2000 मध्ये लोणार अभयारण्य घोषित झाले आणि 2020 मध्ये सरोवराची रामसर पाणथळींच्या यादीत नोंद झाली. महसुलाच्या वहीतून लोणार बाहेर पडले ते असे.

वऱ्हाडाच्या बाबतीत मात्र या क्रियापदाचा जुना अर्थ उलट्या दिशेने खरा ठरला. इंग्रजांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी 1853 मध्ये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला होता. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने तोच प्रांत निजामाकडून वर्षाला 25 लाख रुपयांच्या ठरीव रकमेवर कायमच्या पट्ट्याने घेतला. मक्तेदारीला नावे ठेवणारे सरकार अशा रीतीने स्वतःच वऱ्हाडचे मक्तेदार झाले. निजाम मीर उस्मान अली खान याने पुढे प्रांत परत मागितला, 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ती मागणी फेटाळली, आणि 1936 च्या करारान्वये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कारभार इंग्रजांकडेच राहिला.