मुरुमांच्या मलमाची कुळकथा

नववी-दहावीच्या वर्गात मुरुमांच्या लाजेने खाली गेलेल्या माना मी नित्य पाहतो. या मुलांच्या हाती आज जे जोडमलम पडते, त्याची कुळकथा मात्र सुखाची नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१ ते १९७४ या काळात तेथील कैद्यांच्या कातडीवर डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी नाना द्रव्यांचे प्रयोग केले. कैद्यांना थोडेफार डॉलर मिळत. धोक्याची पुरती कल्पना मिळत नसे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून झालेल्या ट्रेटिनॉइनचीही परीक्षा तेथे झाली, आणि त्याचा मुरुमांवरील गुण १९६९ साली जगापुढे आला.

ट्रेटिनॉइन त्वचेची तुंबलेली रंध्रे मोकळी करी. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंना मारी. पण दोन्ही एकत्र कालवली की ट्रेटिनॉइन निकामी होई. म्हणून एक सकाळी, दुसरे रात्री, असा संसार चाले. पुढे पेरॉक्साइडपुढे टिकणारे अ‍ॅडापॅलीन आले, आणि २००८ साली अमेरिकेत या दोहोंच्या एकाच ट्यूबला मान्यता मिळाली. नुसत्या प्रतिजैविकाने जंतू निर्ढावतात; पेरॉक्साइडची जोड दिली की ते भय कमी होते.

हे मलम रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच लावावे. आरंभी एक दिवसाआड. उन्हाला जपावे. गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये. गुण यायला दोन-तीन महिने लागतात; जास्त थापल्याने कातडी तेवढी सोलते.

होम्सबर्गच्या कैद्यांना एवढेही कोणी धड सांगितले नव्हते.