नदीवरच्या बर्फाची बातमी: कोणी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत द्यायची?

१३ मार्च १८३८ च्या रात्री डॅन्यूब नदी हंगेरीतील पेस्ट शहरात शिरली. पाण्याची पातळी १०.२९ मीटरपर्यंत चढली, एकट्या पेस्टमध्ये दोन हजारांहून अधिक घरे कोसळली आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. मिक्लोश वेशेलेनी हा सरदार नाव घेऊन लोकांना वाचवत फिरला. हंगेरीत त्याला आजही ‘पुराचा नावाडी’ म्हणून ओळखतात.

या संकटाचे मूळ शहराच्या खालच्या अंगाला होते. दक्षिणेस चेपेल बेटापाशी नदीचे दोन फाटे होतात आणि पात्र उथळ होते. तेथे बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून बांध तयार झाला आणि मागे तुंबलेले पाणी शहरावर उलटले.

आपल्याकडे पूर म्हटला की पहिला प्रश्न असतो, वरच्या धरणातून किती पाणी सुटले? कृष्णाकाठी वाढलेल्या कोणालाही तो विचारावा लागतो. गोठलेल्या नदीला मात्र हा प्रश्न पुरत नाही. वरचा बर्फ फुटला का, हे जसे कळायला हवे, तसेच खालचा मोकळा झाला का, हेही. त्यामुळे एका गावाचा पहारेकरी कितीही दक्ष असला तरी तो अर्धाच पाहत असतो. बर्फाची वार्ता नदीकाठच्या सर्वांनी मिळूनच गोळा करावी लागते.

सर्वांनी मिळून निरीक्षण करण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. १७८० मध्ये पॅलेटिनेटचा अधिपती कार्ल थिओडोर याने मानहाइम येथे हवामान संस्था स्थापन केली. तिचा चिटणीस योहान याकोब हेमर याने निरीक्षकांना एकसारखी तपासलेली उपकरणे आणि एकसारखे तक्ते पाठवले. नोंदीच्या वेळाही सर्वत्र एकच: सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. सेंट पीटर्सबर्गपासून अमेरिकेतील केंब्रिजपर्यंत ३९ केंद्रे या जाळ्यात आली. माझ्या मते अठराव्या शतकातील विज्ञानाची ही सर्वांत सुंदर योजनांपैकी एक. आणि तिची मर्यादाही तितकीच बोलकी.

१७८३-८४ चा हिवाळा युरोपात भीषण होता. फेब्रुवारी १७८४ च्या अखेरीस नद्यांवरचा बर्फ फुटला. कोलोनला ऱ्हाइनची पातळी १३.५५ मीटरवर गेली, पलीकडचे म्युलहाइम उद्ध्वस्त झाले. नेकार नदीच्या बर्फाने हायडेलबर्गचा पूल मोडून नेला. हायडेलबर्ग मानहाइमच्या अगदी शेजारी, तेही कार्ल थिओडोरच्याच राज्यात. दगडी नवा पूल त्यानेच बांधवला, आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मग इतके सुसज्ज जाळे असूनही उपयोग का झाला नाही? कारण ते हवामान समजून घेण्यासाठी विणले होते, सावध करण्यासाठी नव्हे. एका वर्षाच्या नोंदी ग्रंथरूपाने छापून यायला दोनेक वर्षे लागत. टपालाचा घोडा हाच वेगवान निरोप्या असलेल्या काळात हेमरला दोष देण्यात अर्थ नाही. पण ‘नोंद’ आणि ‘निरोप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसते.

निरोपाला वेग दिला तो विजेच्या तारेने. १८७६ मध्ये बुडापेस्ट पुन्हा बर्फाच्या पुरात सापडले. दहा वर्षांनी, १८८६ मध्ये, योझेफ पेच यांच्या नेतृत्वाखाली हंगेरीचा स्वतंत्र जलनिरीक्षण विभाग सुरू झाला. तार होती, तरी डॅन्यूबच्या काठी भाषा अनेक होत्या. ‘बर्फ आहे’ एवढ्याने नावाड्याचे काय भागणार? काठाला धरलेला की वाहता, सलग थर की अडकलेली रास, आणि त्यातून नाव जाते की नाही, हे प्रत्येकाला सारख्याच अर्थाने कळायला हवे.

यावरचे आजचे उत्तर काहीसे रूक्ष आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये अंतर्गत जलमार्गांसाठी माहितीसेवेचा निर्देश काढला. त्यानुसार नावाड्यांना द्यायच्या सूचनांचे ठरावीक प्रकार पडले आणि त्यांत बर्फाच्या सूचनेचा स्वतंत्र प्रकार आहे. निरीक्षक वाक्य लिहीत नाही, ठरलेली सांकेतिक अक्षरे भरतो. वाचणाऱ्याला मजकूर आपापल्या भाषेत दिसतो. आज डॅन्यूब दहा देशांतून किंवा त्यांच्या सीमेवरून वाहते.

बुडापेस्टला कधी गेलात, तर जुन्या पेस्टच्या भिंतींवर १८३८ च्या पाण्याची रेघ दाखवणाऱ्या पाट्या शोधा. काही ठिकाणी ती डोक्याच्याही वर आहे.