‘चौका’ : एका घरगुती शब्दाचा अर्थ आणि परंपरा

मुनिसंघाच्या आगमनाची वार्ता येताच दिगंबर जैन समाजात पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे, “चौका कोणाकडे?” पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत, जेथे वाड्यांची जागा आता सदनिकांनी घेतली आहे, तेथेही हा शब्द तितक्याच सहजतेने उच्चारला जातो. परंतु या शब्दाचे मूळ काय, याचा विचार क्वचितच होतो.

संस्कृतात ‘चतुष्क’ म्हणजे चारांचा समूह. प्राकृतात त्याचे ‘चउक्क’ झाले. अर्धमागधी आगमांतील नगरवर्णनांत चार रस्ते एकत्र येतात त्या स्थानासाठी हाच शब्द येतो. मराठीतील वाड्याचा चौक आणि रांगोळीचा चौक ही त्याचीच रूपे होत. हिंदीत सारवून, आखून घेतलेल्या चौकोनी जागेला ‘चौका’ म्हणत. त्या जागेत अन्न शिजू लागले आणि पुढे संपूर्ण स्वयंपाकघरालाच ते नाव मिळाले. राजस्थानातून मराठवाड्यात आलेल्या खंडेलवाल कुटुंबांच्या बोलीत हा शब्द होताच. मुनिसंघांच्या विहारामुळे तो मराठी भाषक जैन घरांतही रुळला.

द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार शुद्धी जेथे पाळल्या जातात तो चौका, असा अर्थ प्रवचनांतून सांगितला जातो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती नव्हे; तथापि एका साध्या चौकोनाला धर्माने दिलेला हा अर्थ मोलाचा आहे. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळणे, जिवाणी मूळ जलस्थानी पोहोचविणे, चुलीवर चंदोवा बांधणे, पीठ पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ व हिवाळ्यात ७ दिवसांपलीकडे न वापरणे, या सर्व नियमांच्या मुळाशी सूक्ष्म जीवांची दया आहे. चौक्याची रेषा माणसांना दूर ठेवण्यासाठी आखलेली आहे, असे मानणे म्हणजे तिचा हेतूच विसरणे होय.

स्वयंपाकघरासाठी प्राचीन भाषेत आणखीही शब्द होते. ‘रसवती’ या संस्कृत शब्दापासून ‘रसोई’ आला. ‘महानस’ हा शब्द तर जैन ग्रंथांतील ‘अक्षीणमहानस’ या ऋद्धीच्या नावात टिकून आहे. ही ऋद्धी प्राप्त झालेल्या मुनींचा आहार ज्या पाकशाळेत होतो, तेथील उरलेले अन्न त्या दिवशी चक्रवर्तीच्या सैन्यालाही पुरते, असे वर्णन आहे. मराठीचा ‘स्वयंपाक’ मात्र सरळ सांगतो : स्वतः केलेला पाक.

येथेच विचार करण्याजोगा मुद्दा आहे. आचार्य वट्टकेर यांच्या ‘मूलाचार’ ग्रंथातील पिंडशुद्धी अधिकारात आहाराच्या दोषांचे विवेचन आहे. मुनींना उद्देशून केलेले अन्न त्यांना ग्राह्य नाही. श्रावकाने आपल्या कुटुंबासाठी केलेल्या शुद्ध अन्नातील भाग त्यांना द्यावयाचा असतो. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी (१८७२-१९५५) विसाव्या शतकात निर्दोष मुनिचर्येचा आदर्श पुन्हा उभा केला. १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे त्यांची सल्लेखना झाली. त्या आदर्शाचे स्मरण ठेवले, तर मुनींच्या मुक्कामापुरता मांडलेला आणि संघाचा विहार होताच आवरून ठेवलेला चौका अपुरा वाटल्यावाचून राहत नाही.

सारवलेली भूमी गेली, चूल गेली, नोकरीच्या वेळा बदलल्या. सर्व जुने नियम प्रत्येक घरात रोज पाळले जातील, अशी अपेक्षा करणेही उचित नाही. परंतु गाळलेले पाणी, निवडलेले धान्य, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि शांत मनाने केलेला स्वयंपाक एवढे तर सदनिकेतील लहानशा ओट्यावरही शक्य आहे. हे काम केवळ गृहिणीचे नसून संपूर्ण कुटुंबाचे आहे. घराचे रोजचे स्वयंपाकघरच जेव्हा चौका होईल, तेव्हा पडगाहनासाठी दारात उभ्या राहिलेल्या श्रावकाच्या मुखातील ‘आहारजल शुद्ध आहे’ हे शब्द खऱ्या अर्थाने सार्थ ठरतील.